दुखते मान, काम पाठीचं : पोक आणि जुनाट मानदुखीसाठी पहिले १२ आठवडे

माझे वडील शिंपी. चाळीसेक वर्षं शिवणयंत्रावर वाकून बसले. पाठीला चांगलं पोक आलं, पण मान दुखते असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आई मात्र ताठ चालायची, आणि तिची मान वर्षातले सहा महिने धरलेली असायची. मी फिजिओथेरपी शिकायला गेले तेव्हा माझीही समजूत सगळ्यांसारखीच होती: पोक आलं की मान दुखते, ताठ बसलं की बरी होते. आमच्या घरातली दोन माणसं याच्या अगदी उलट सांगत होती.

म्हणून दवाखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाशी मी इथूनच बोलायला सुरुवात करते. पोकाचा आणि मानदुखीचा संबंध आहे, पण एकाला दुसरं चिकटलेलंच असतं असं नाही. पाठ किती वाकली आहे यापेक्षा ती वाकलेली पाठ उघडता येते का, आणि डोक्याचं ओझं पेलणारे स्नायू किती वेळ टिकतात, हे जास्त महत्त्वाचं. दिवसभर स्वतःला ‘ताठ बस, ताठ बस’ असं बजावून काही मिळत नाही. दहा मिनिटांत विसरायला होतं, आणि लक्षात राहिलंच तर पाठ आखडते. पाठीला हालचाल द्यायची आणि ताकद द्यायची, म्हणजे ताठ बसणं फारसं आठवावं लागत नाही.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांची मान ३ महिन्यांहून जास्त काळ दुखते आहे, पाठीचा वरचा भाग गोल झाला आहे, आणि ज्यांनी आजवर शेक, मलम, मालिश आणि गोळ्या एवढंच केलं आहे. सामान फार लागत नाही. एक सतरंजी, दोन टॉवेल, एक मोकळी भिंत आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा रबरी बँड पुरे.

आधी डॉक्टरांकडे कोणी जायचं

हा भाग कृपा करून ओलांडून पुढे जाऊ नका. बहुतेक मानदुखी साधी असते, पण खालचं काही असेल तर व्यायाम थांबवा आणि आधी तपासून घ्या.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, पाय जड वाटतात, लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला आहे: यात मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. इथे एक दिवसही घालवू नका. हाताला सतत मुंग्या, बधिरपणा किंवा हात दिवसेंदिवस लुळा पडत असेल तरी तपासणी आधी.

रात्री झोपमोड करणारं पाठीचं दुखणं, सोबत बारीक ताप, वजन घटणं, भूक मरणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि पाठीत टोकदार कुबड येणं हे त्याचं एक लक्षण आहे. गोल पोक वेगळं आणि एका मणक्याशी एकदम कोन करून वर आलेलं कुबड वेगळं. कुबड दिसलं तर आधी एक्स-रे काढायचा.

वयस्कर स्त्रीला किंचित वजन उचलताना, अगदी खोकतानासुद्धा, पाठीत एकदम कळ आली आणि ती जाईना, किंवा उंची २-३ सेंटिमीटर कमी झाल्यासारखी वाटते: ठिसूळ हाडांमुळे मणका दबला असण्याची शक्यता असते. बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनाही हेच लागू.

तरुण मुलगा किंवा मुलगी, सकाळी पाठ तासभर आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते आणि विश्रांतीने वाढते: हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. आणि १२ ते १७ वर्षांच्या मुलाचं पोक सांगूनही सरळ होत नसेल, तर ते आळसाचं मानून त्याला बोल लावू नका. डेन्मार्कच्या होल्गर शॉयरमान यांनी १९२०च्या सुमारास वर्णन केलेला एक आजार आहे, त्यात वाढीच्या वयात मणके पुढून पाचरीसारखे निमुळते होतात. मूल मुद्दाम वाकत नसतं, त्याची हाडंच तशी वाढत असतात. घरोघरी या मुलांना उगाच बोलणी बसतात.

मानेत अचानक, याआधी कधी झाली नव्हती अशी तीव्र कळ, सोबत चक्कर, बोबडी वळणं किंवा दिसण्यात फरक; तसंच छातीत दाब आणि जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारं दुखणं: सरळ रुग्णालय गाठा.

पाठीत होतं तरी काय

मानेत ७ मणके, त्याखाली फासळ्या जोडलेले पाठीचे १२. या १२ मणक्यांची मागे फुगलेली कमान निसर्गानेच दिलेली आहे. मोठ्या माणसात ती साधारण २० ते ४५ अंशांची असते आणि वयाबरोबर थोडी वाढते. म्हणजे पाठ फळीसारखी सपाट करणं हे आपलं ध्येयच नाही. कमान वाढून तिथेच अडकली की प्रश्न येतो.

आत्ता बसल्या बसल्या करून पाहा. मुद्दाम पोक काढून बसा आणि मान उजवीकडे वळवा. कुठवर दिसतं ते लक्षात ठेवा. आता छातीचं हाड थोडं वर उचला आणि पुन्हा वळवा. बहुतेकांची मान आता जास्त वळते. हात डोक्यावर नेऊन पाहा, तोही जास्त वर जातो. मानेला काहीही केलं नाही, फरक पाठीने घडवला. पाठ वाकलेली राहिली की समोर बघण्यासाठी मानेचा वरचा भाग मागे मोडावा लागतो, हनुवटी पुढे येते, आणि साधारण साडेचार-पाच किलोचं डोकं धडाच्या पुढे लटकतं. त्याला आवरून धरायचं काम मानेच्या मागचे आणि खांद्यावरचे स्नायू दिवसभर करतात.

खांद्यावरचा जो जाड स्नायू आपण घरच्यांकडून दाबून घेतो, त्याला सगळे ‘आखडलेला’ म्हणतात. बऱ्याचदा तो थकलेला असतो. इतरांचं काम एकटा करत असतो. चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी या जोडीचं चित्र मांडलं होतं: छातीचे आणि मानेमागचे स्नायू घट्ट, मानेच्या आतल्या बाजूचे आणि खांद्याच्या पात्यांखालचे स्नायू सुस्त. प्रत्येकात हे चित्र हुबेहूब सापडत नाही, पण व्यायाम निवडायला ते आजही उपयोगी पडतं. मालिशने मिळणारा आराम खरा असतो, फक्त तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच स्नायूवर तेच ओझं येतं.

ताकदीचा फायदा नुसता तर्काचा नाही. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर १२ महिन्यांचा अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मान-खांद्यांचे ताकदीचे आणि दमाचे व्यायाम करणाऱ्या गटांचं दुखणं, फक्त ताण देणाऱ्या आणि चालणं-पळणं करणाऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त कमी झालं. डेन्मार्कमधला २०११चा अभ्यास मी वेळ नसलेल्या रुग्णांना हमखास सांगते. १९८ माणसं, १० आठवडे, आठवड्यातून ५ दिवस रबरी बँडचा एकच व्यायाम. काहींनी रोज १२ मिनिटं केला, काहींनी फक्त २ मिनिटं. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. रोजची २ मिनिटं! ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला मी एवढीच मागते.

पायरी १ : मोजून ठेवा

मोजलं नाही तर सहा आठवड्यांनी काहीच फरक नाही असं वाटतं, आणि माणूस सोडून देतो. एका वहीत तीन आकडे लिहा.

भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ लावून उभे राहा. नजर समोर, हनुवटी वर न करता. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर मध्ये किती अंतर राहतं ते कोणाकडून तरी पट्टीने मोजून घ्या. डोकं टेकवायची ओढाताण करू नका, सहज जे येईल ते लिहा.

दुसरं, खुर्चीत बसून मान डावी-उजवीकडे वळवा. खिडकीचा कितवा गज दिसतो, कपाटाची कुठली कड दिसते, अशी खूण धरा.

तिसरं, गेल्या आठवड्यातलं सरासरी दुखणं ० ते १० मध्ये किती. आणि त्याखाली एक असं काम लिहा जे मानेमुळे अडतं: गाडी मागे घेणं, पोळ्या लाटणं, नातवाला कडेवर घेणं. अंतराचा आकडा सावकाश हलतो. अडलेलं काम बहुधा आधी सुटतं.

पायरी २ : आठवडा १ ते ३, पाठ उघडणं आणि मानेला जाग आणणं

या तीन आठवड्यांत तीनच व्यायाम, रोज, मिळून १० ते १२ मिनिटं.

पहिला, टॉवेलची गुंडाळी. आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळा, मनगटाएवढी जाडी पुरे. सतरंजीवर उताणे झोपा, गुडघे दुमडलेले. गुंडाळी पाठीखाली आडवी, दोन्ही पात्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत. डोक्याखाली दुमडलेली चादर हवीच, डोकं मागे लटकता कामा नये. दोन्ही हात बाजूला पसरून तळवे छताकडे. श्वास सोडताना पाठ गुंडाळीवर सैल टाका. २ मिनिटं. मग गुंडाळी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा २ मिनिटं. कंबरेखाली गुंडाळी घालू नका, तिथे कमान आधीच पुढे असते. ताण जाणवावा, टोचू नये. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी गुंडाळी वापरायची नाही. नुसतं सपाट सतरंजीवर उताणे पडून राहा, तेवढाही ताण पोक आलेल्या पाठीला पुरतो.

दुसरा, होकार. या लेखातला हा सर्वांत छोटा व्यायाम, आणि मी सर्वांत जास्त वेळ यावरच घालवते, कारण दहातले नऊ जण तो चुकीचा करतात. उताणे झोपा, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली इतकीच चादर की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. आता कोणाला तरी हळूच ‘हो’ म्हणायचं आहे असं समजा. फक्त तेवढीच मान हलवा. डोकं जमिनीवरून उचलायचं नाही, मागे दाबायचंही नाही. डोक्याचा मागचा भाग चादरीवरून किंचित वर सरकतो, हनुवटी गळ्याकडे अर्धा-एक सेंटिमीटर येते. तिथे १० सेकंद थांबा. असं १० वेळा.

बरोबर होतंय का हे कसं कळणार? कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारे दोन दोरखंडासारखे स्नायू आहेत, त्यांच्यावर बोटं ठेवा. होकार देताना ते ताठरले तर तुम्ही जोर जास्त लावताय. निम्मं करा. ते मऊ राहिले पाहिजेत, काम त्यांच्या मागे, मणक्यांना चिकटलेल्या पातळ स्नायूंनी करायचं आहे. दात आवळू नका, जीभ टाळूला, श्वास चालू. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट ग्वेन्डोलेन जुल यांनी या स्नायूंवर पायाभूत काम केलं. त्यांच्या पद्धतीत मानेखाली हवेची छोटी पिशवी पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबापर्यंत भरून ठेवतात, आणि होकार देत तो दाब दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत न्यायला सांगतात. एवढ्या नाजूक मोजमापावरून समजेल की इथे ताकद दाखवायची नसते. मानेमुळे डोकं दुखणाऱ्या २०० जणांवर त्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. अशा हलक्या व्यायामांनी डोकेदुखी कमी झाली, आणि तो फायदा वर्षभराने तपासला तेव्हाही टिकून होता.

तिसरा, पुस्तक उघडणं. कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी दुमडून एकावर एक, डोक्याखाली उशी. दोन्ही हात समोर, तळव्याला तळवा. वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा उघडत मागे न्या, नजर हाताच्या मागे जाऊ द्या. गुडघे सुटू द्यायचे नाहीत. श्वास सोडत जा, जिथे हात थांबेल तिथे दोन श्वास, मग परत. दोन्ही कुशींवर ८-८ वेळा. पाठीत बारीक ‘कट’ असा आवाज आला आणि दुखलं नाही तर घाबरू नका.

पहिल्या आठवड्यात कधीकधी मान आधीपेक्षा जास्त जाणवते. नियम असा ठेवा: व्यायाम करताना दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर पुढच्या दिवशी निम्मं करा. पूर्ण बंद करू नका.

पायरी ३ : आठवडा ४ ते ८, ताकद

वरचे तीन रोज चालू, वेळ थोडा कमी केला तरी चालेल. त्यात एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, पुढचे चार मिसळायचे.

बँड ओढणं. बँड खिडकीच्या भक्कम गजाला बेंबीच्या उंचीवर बांधा. गाठ दोनदा तपासा, सुटलेला बँड तोंडावर बसतो. दोन्ही टोकं धरून उभे राहा, कोपरं अंगालगत मागे ओढा. ओढताना खांदे कानाकडे चढले तर बँड सैल करा. पाती एकमेकींकडे आणि किंचित खाली जायला हवीत, पँटच्या मागच्या खिशात घालायची असल्यासारखी. ओढायला २ सेकंद, सोडायला ३. दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या.

भिंतीवर हात सरकवणं. भिंतीकडे तोंड, दोन्ही हातांचे कोपरापासून करंगळीपर्यंतचे भाग भिंतीला टेकलेले. भिंत हलकेच ढकलत हात वर सरकवा, जिथवर कंबर मागे वाकत नाही तिथवरच. वर पोचल्यावर एक श्वास. १० वेळा. काखेखाली, फासळ्यांच्या कडेला काम जाणवलं तर बरोबर चाललंय.

पालथं पडून उचलणं. पालथे झोपा, कपाळाखाली दुमडलेला हातरुमाल, पोटाखाली पातळ उशी. हात अंगालगत, अंगठे छताकडे. आधी तोच छोटा होकार, मग छाती दोन-तीन बोटं वर. नजर जमिनीकडेच! इथे सगळे मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघतात, आणि मग ‘व्यायामाने मान दुखली’ म्हणतात. ५ सेकंद, ८ वेळा. पालथं झोपवत नसेल तर स्टुलावर बसून, हात मागे नेत हेच करा.

बँड बाजूला उचलणं. डॅनिश अभ्यासातला व्यायाम हाच. बँडच्या मधोमध उभे राहा, दोन्ही टोकं हातात, कोपरं जराशी सैल. हात बाजूंना, किंचित पुढच्या अंगाला, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. खांद्यावरचा तोच थकलेला स्नायू इथे वाकल्याशिवाय, मोकळ्या हालचालीत काम करायला शिकतो. प्रवासात असाल, पाहुणे आले असतील, बाकी सगळं राहिलं असेल, त्या दिवशी हा एकच २ मिनिटं करा.

छाती ताणणंही यातच बसवा. दाराच्या चौकटीला कोपर टेकवून एक पाऊल पुढे, अर्धा मिनिट, दोन्ही बाजू. यावर मी फार भर देत नाही. मोबाइलवरच्या बहुतेक चित्रफितींत नुसते ताणच असतात, कारण ते करताना लगेच बरं वाटतं.

पायरी ४ : आठवडा ९ ते १२, भार वाढवणं

आता बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालेलं असतं, आणि नेमके इथेच लोक थांबतात. अजून महिनाभर धरा. पुढच्या रंगाचा, जास्त जाड बँड घ्या. शेवटची दोन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत. २० वेळा सहज होत असेल तर तो व्यायाम आता नुसती हालचाल राहिला आहे.

होकाराची पुढची पायरी: उताण्यात होकार देऊन, हनुवटी तशीच ठेवून डोकं जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उचला आणि धरा. हनुवटी पुढे निसटली की थांबा. मान न दुखणारी माणसं हे साधारण अर्धा मिनिट किंवा थोडं जास्त धरतात. तुम्ही ५ सेकंदांपासून सुरू करा, ५ वेळा.

आणि मानेला चारही दिशांनी हाताचा विरोध: कपाळावर तळवा ठेवून मान न हलवता दाब द्यायचा, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. १० सेकंद, अर्ध्या ताकदीने. हा व्यायाम लोक पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने सुरू करतात, म्हणून मी तो शेवटी ठेवते.

पन्नाशी-साठीच्या पुढे

आईची आठवण येते म्हणून म्हणा, पण या वयातल्या स्त्रियांसाठी मला वेगळं सांगायचं आहे. पाळी गेल्यावर हाडांची घनता घटते. पोक अलीकडे वाढलं असेल तर व्यायामाआधी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम टाळा: पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, पोटासाठी उताण्यातून उठून बसणं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अशा ५९ स्त्रियांचा अभ्यास झाला होता, तो १९८४ मध्ये आला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांमध्ये मणके नव्याने दबले, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये ८९ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांमध्ये ६७ टक्के. अभ्यास लहान होता, पण हे आकडे वाचल्यावर पुढे वाकणं सुचवायला माझं मन धजत नाही. खालची वस्तू उचलताना, केर काढताना, खुब्यातून आणि गुडघ्यातून वाका, पाठ गोल करू नका.

या वयात पोक किती कमी होईल, असं मुली आईच्या वतीने विचारतात. साठीपुढच्या लोकांवर सहा महिन्यांचे नेमके व्यायाम करून पाहिले गेले आहेत, त्यात कमान सुमारे ३ अंशांनी कमी झाली. फोटोत डोळ्यांत भरेल एवढा हा फरक नाही. पण पालथं उचलणं सुरू केल्यावर ओट्याशी जास्त वेळ उभं राहता येणं आणि वरच्या फळीवरचा डबा काढता येणं, हे मी वारंवार बघते.

योगासनं करत असाल तर

सोडू नका, थोडा बदल करा. सूर्यनमस्कारात भुजंगासनाच्या वेळी डोकं मागे फेकू नका, छाती पुढे न्या आणि मान तिच्या रेषेत ठेवा. मान दुखती असताना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन ही तीन बाजूला ठेवा, त्यांत भार थेट मानेवर येतो. पुण्यातल्या अय्यंगार परंपरेत खुर्ची, दोर, लोड, पट्टे यांचा आधार घेऊन आसनं करवतात, आणि ते पोक आलेल्या पाठीला फार सोयीचं पडतं. जर्मनीत जुनाट मानदुखीच्या ५१ जणांवर याच पद्धतीचा ९ आठवड्यांचा अभ्यास झाला आहे. घरी पुस्तिका पाहून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्या वर्गातल्यांना जास्त आराम मिळाला.

उरलेल्या २३ तासांचं

बसण्याची एकच आदर्श पद्धत शोधत बसू नका. अर्ध्या-पाऊण तासाने उठणं, पाणी आणणं, हात डोक्यावर नेऊन दोन श्वास घेणं, हे महागड्या खुर्चीपेक्षा जास्त कामाचं. लॅपटॉपखाली जाडजूड ग्रंथ ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. ही एक खरेदी मी जरूर सुचवते. मोबाइल धरलेल्या हाताचं कोपर दुसऱ्या हातावर टेकवलं की पडदा आपोआप वर येतो.

विळीवर भाजी चिरत असाल तर पाटावर बसा, गुडघे बैठकीपेक्षा खाली राहिले की पाठ कमी गोल होते. बाळाला पाजताना उशी मांडीवर घ्या, बाळाला छातीपर्यंत वर आणा, आपण खाली वाकू नका. बाळाच्या चेहऱ्याकडे बघत मान खाली घालून तासन्‌तास बसलेल्या कितीतरी आया माझ्याकडे येतात, आणि आपल्या दुखण्याबद्दल कोणी विचारलं म्हणून त्यांचे डोळे भरतात.

उशी अशी की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील. पोक असलेल्यांनी उशी काढून टाकू नये. डोकं मागे लटकतं आणि सकाळी मान जास्त धरते. ‘उशी घेऊ नकोस’ हा सल्ला त्यांच्यासाठी चुकीचा आहे.

खांदे मागे खेचणारा पट्टा? तो लावला की सरळ दिसता, काढला की पुन्हा तसेच, कारण काम पट्टा करत होता. मानेची कॉलरही जुनाट दुखण्यात आपण होऊन महिनोन्‌महिने घालू नका. एक्स-रेच्या अहवालात ‘स्पॉन्डिलोसिस’ असं लिहून आलं तर खचू नका. चाळिशीनंतर मान न दुखणाऱ्यांच्या फोटोतही ही झीज सर्रास दिसते. केस पिकावेत तसं मणक्यांचं वय दिसतं. तो शब्द वाचून वर्षानुवर्षं मान जपत, न हलवता जगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या झिजलेल्या मणक्यांपेक्षा त्या भीतीने त्यांना जास्त अडवलं होतं.

मध्येच मान पुन्हा धरली तर

धरेलच एखाद वेळा. प्रवास, जागरण, ताप, घरातली चिंता, यांनी जुनं दुखणं उफाळतं. त्याचा अर्थ केलेलं वाया गेलं असा नाही. दोन-तीन दिवस बँड बाजूला ठेवा. शेक घ्या, होकार आणि पुस्तक उघडणं अगदी हलक्या हाताने चालू ठेवा, रोज थोडं चाला. दुखणं उतरलं की जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्यावरून बँड पुन्हा सुरू करा.

सहाव्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात वही काढा आणि तीनही मोजमापं पुन्हा घ्या. सहा आठवडे नेमाने करूनही काहीच हललं नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि तुम्ही व्यायाम कसे करता ते त्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. पुष्कळदा होकारातला जोर किंवा कानाकडे चढणारे खांदे एवढंच दुरुस्त करावं लागतं. बारा आठवड्यांनी बरं असेल तर बँडचे व्यायाम आठवड्यातून दोनदा आणि टॉवेलची गुंडाळी रात्री झोपण्याआधी, एवढं चालू ठेवा.